ताईचं ब्रेन हॅमरेज आणि रोजच्या रक्ताच्या नळ्या

न्यूरो आयसीयूबाहेर बसलेली माणसं एकमेकांना दिवसातून चारदा एकच प्रश्न विचारतात, "आज रिपोर्ट काय आला?" आकडा कळतो. त्या आकड्याचं करायचं काय, ते कळत नाही. ताईच्या आजारपणात मी एक वही ठेवली होती, तिच्यावरून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, फलटणला एका पतसंस्थेत नोकरी करते. त्यामुळे उपचाराचा सल्ला म्हणून हे वाचू नका. आयसीयूबाहेर बसायची वेळ आलीच, तर निदान कशाला काय म्हणतात आणि कुठे काय विचारायचं एवढं कळावं, इतकाच हेतू.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. तुळशीच्या लग्नाचे दिवस. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ताई (वय ५४, बीपीची गोळी चालू, पण नियमित नाही) वृंदावनाला ऊस बांधत होती. एकदम खाली बसली आणि म्हणाली, "डोक्यात घण बसल्यासारखं झालं." मग उलटी, मग मान धरली. आदल्या दिवशीचं जागरण होतं, त्यामुळे पित्ताचं असेल असं सगळ्यांना वाटलं. दाजींना मात्र वाटलं नाही आणि त्यांनी लगेच १०८ लावला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की डोकेदुखी किती तीव्र आहे यापेक्षा ती किती पटकन शिगेला पोचली हे महत्त्वाचं असतं. मिनिटभरात 'आयुष्यातली सगळ्यात वाईट' डोकेदुखी आली, तर पित्ताची गोळी देत बसायचं नाही.

गावातच सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरलं होतं. सबअरॅक्नॉइड हॅमरेज, वॉर्डात सगळे नुसतं 'एसएएच' म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता पुण्याला पाठवलं. एक गोष्ट त्यांनी आठवणीने केली: फिल्मबरोबर स्कॅनची सीडीही दिली. त्यामुळे पुण्यात तोच स्कॅन पुन्हा करावा लागला नाही. निघताना सीडी मागून घ्या, रिपोर्टच्या कागदावर पुढचे डॉक्टर निर्णय घेत नाहीत.

मध्यरात्रीच्या आधी आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो. रक्तवाहिन्यांचा सीटी झाला आणि पुढच्या बाजूच्या एका वाहिनीवर सहा मिलिमीटरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटल्याचं दिसलं. अपघाताशिवाय होणाऱ्या अशा रक्तस्रावांपैकी साधारण ८५ टक्के या फुग्यांमुळेच होतात. ताई गुंगीत होती, पण नाव विचारलं की सांगत होती. ही चांगली खूण आहे, असं निवासी डॉक्टर म्हणाले.

रात्री दोन वाजता न्यूरोसर्जननी दाजींना आणि मला खोलीत बोलावलं आणि कागदावर तीन रेघा मारल्या. पहिला धोका: फुगा पुन्हा फुटणं, सगळ्यात जास्त पहिल्या चोवीस तासांत. दुसरा: मेंदूत पाणी साचणं. तिसरा: चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसणं आणि त्यातून उशिरा येणारा पक्षाघात. "पहिल्यासाठी उद्या कॉइलिंग, म्हणजे तो फुगा आतून बंद करायचं काम, करू. दुसरं स्कॅनवर दिसतं. तिसरं दहापैकी साधारण तिघांना होतं. ते कोणते तीन, हे आज मी सांगू शकत नाही." पुढचे दोन आठवडे आमच्या घरात जी बोलणी झाली, त्यातली बहुतेक या शेवटच्या वाक्याभोवती फिरत होती.

पैशांचं सांगते. १५ तारखेला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. भाच्याच्या कंपनीचा विमा होता, पण कॅशलेसची पूर्वमंजुरी यायला संध्याकाळ झाली आणि कॉइलिंग सकाळी व्हायचं होतं. दीड लाख डिपॉझिट आधी भरावं लागलं. विमा पाच लाखांचा, अंतिम बिल पावणेआठ लाखांच्या आसपास गेलं. त्यात सगळ्यात मोठा वाटा कॉइलचा (फुग्यात भरायच्या तारा) आणि कॅथलॅबचा (रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करतात ती खोली). वरची रक्कम माझ्याच पतसंस्थेत सोनं ठेवून उभी केली. विमा कंपनीच्या फॉर्मवर 'बीपी कधीपासून' असा रकाना असतो. तिथे आणि डॉक्टरांना सांगताना एकच वर्ष सांगा. दाजी म्हणाले तीन, भाचा म्हणाला पाच, आणि तेवढ्यावरून एक जादा पत्र द्यावं लागलं. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे दाखल करतानाच आरोग्यमित्राच्या टेबलाशी विचारा, शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा.

कॉइलिंग नीट झालं. मांडीतल्या रोहिणीतून नळी घालून फुग्यात प्लॅटिनमच्या बारीक तारा भरतात. कवटी उघडावी लागत नाही. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. सिस्टर म्हणाल्या, "आता खरं काम सुरू."

त्याच संध्याकाळी एक मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून आली. रिसर्च कोऑर्डिनेटर. रुग्णालयात एक अभ्यास चालू होता: हॅमरेजनंतर कुणाला वाहिन्या आकसण्याचा त्रास होईल, हे रक्तातल्या काही घटकांवरून आधी ओळखता येईल का. ताईचं रक्त ठरावीक दिवशी घ्यायचं होतं, एका वेळी १० मिली, म्हणजे दोन चमचे. माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. माणूस आत पडलंय आणि यांना संशोधन सुचतंय. दाजी तर उठूनच गेले.

ती मुलगी मात्र घाई न करता बसली. माहितीपत्रक मराठीत होतं, जरा सरकारी मराठीत, पण मराठीत. कागद ठेवून ती म्हणाली, "वाचा, उद्या सकाळी सांगा. नाही म्हणालात तरी उपचारात काही बदल होणार नाही." भाच्याने रात्री क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर अभ्यासाचा नंबर टाकून पाहिला. नोंद होती. हे कुणीही करू शकतं, फुकट आहे, आणि मन बरंच शांत होतं.

सकाळी मी प्रश्नांची यादी घेऊन बसले. उत्तरं अशी मिळाली. वेगळी सुई टोचणार नाहीत, रोजच्या तपासणीचं रक्त ज्या लाइनमधून काढतात तिथूनच घेतील. या तपासण्यांचा एक पैसाही बिलात येणार नाही. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं. नैतिकता समितीचा फोन नंबर पत्रकाच्या शेवटी असतो. ताई स्वतः सही करण्याच्या स्थितीत नसल्याने नवरा 'कायदेशीर प्रतिनिधी' म्हणून सही करेल, आणि ती शुद्धीवर आली, समजू लागलं, की तिची स्वतःची संमती पुन्हा घेतली जाईल. उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवायचं का आणि जनुकीय तपासणी चालेल का, याच्या चौकटी वेगळ्या होत्या. त्या वेगळ्या भरायच्या असतात, सगळ्यावर सरसकट टिक करायची नाही.

"आणि रिपोर्ट आम्हाला कधी मिळणार?"

"मिळणार नाहीत," ती म्हणाली.

हे पचायला वेळ लागला. तिने कारण सांगितलं. नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातला द्रव उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात आणि सगळ्या रुग्णांचे नमुने जमले की एकदम तपासतात. म्हणजे ताईचा आकडा काही महिन्यांनी निघणार. आणि आज निघाला तरी डॉक्टर त्यावर उपचार बदलणार नाहीत, कारण त्या आकड्यावर कितपत विसंबायचं हेच तर शोधायचं आहे. दाजींनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी. सहीनंतर कागदाची एक प्रत आपल्याला मिळते, ती फाईलला लावा.

आता ही तपासणी नेमकी कशाची, ते मला जसं समजलं तसं. मेंदूभोवती सांडलेलं रक्त तिथेच विघटित होतं. त्यातून सुटलेल्या हिमोग्लोबिनमुळे वाहिन्या चिडतात, सूज येते, बारीक गुठळ्या होतात. या सगळ्याचे माग रक्तात उतरतात. काही घटक मेंदूच्या पेशींतूनच येतात: जीएफएपी हे मेंदूतल्या आधारपेशींचं प्रथिन, एनएसई आणि यूसीएच-एल१ ही चेतापेशींतली, न्यूरोफिलामेंट लाइट चेतातंतूंमधलं. काही सुजेचे: सीआरपी, इंटरल्यूकिन-६. काही हृदयावर आलेल्या ताणाचे, जसे ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी, कारण मेंदूतल्या रक्तस्रावाचा धक्का हृदयालाही बसतो. यातल्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या जोडीला डोक्याला किरकोळ मार लागलेल्यांसाठी, सीटी करायचा की नाही हे ठरवायला, अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. हॅमरेजनंतरचा धोका सांगायला मात्र आजही असा एकही आकडा नाही, ज्यावर एकट्यावर डॉक्टर भरवसा ठेवतील.

का नाही, हे मला पुढच्या आठवड्यात समोरच दिसलं.

संशोधनाचं सोडा, आयसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही रोज होत्याच. सोडियम तर दिवसातून दोनदा. त्याशिवाय सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, सीआरपी, सुरुवातीला ट्रोपोनिन. एनटी-प्रोबीएनपी एकदा झालं, ते एकटंच दोन हजारांच्या वर होतं. सीआरपी, डी-डायमर ही नावं कोविडमध्ये घरोघरी पोचली होती. त्यामुळे ती कानावर पडली की दाजींना घाम फुटायचा. २०२१ साली त्यांचे धाकटे भाऊ गेले तेव्हा हेच आकडे होते. त्यांना समजावणं अवघड होतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. शेवटी मी आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एका दिवसाचा आकडा बघू नका. काल काय होता, आज काय आहे आणि पेशंट कसा आहे, हे तिन्ही एकत्र बघा." त्या दिवसापासून वहीत तीन रकाने केले: तारीख, आकडा, आणि ताईने सकाळी काय उत्तर दिलं.

तिसरा रकाना भरायला सिस्टर मदत करायच्या. त्या दर तासाला विचारत, "काकू, नाव सांगा. कुठे आहात? हात वर करा. पाय हलवा." रात्री दोन वाजताही. ताई वैतागून एकदा म्हणाली, "अगं, मघाशीच सांगितलं ना!" हे वैतागणंसुद्धा मी लिहून ठेवलं.

एक छोटी पण कामाची गोष्ट. आयसीयूत रक्तस्रावाचा दिवस 'शून्य' धरत होते, अभ्यासाच्या फॉर्मवर तोच दिवस 'एक' होता. म्हणून डॉक्टर 'सहावा दिवस' म्हणायचे तेव्हा कोऑर्डिनेटरच्या वहीत सातवा असायचा. तुमच्याकडे कसं मोजतात ते पहिल्याच दिवशी विचारा आणि स्वतः तारखा लिहा.

निमोडिपिनबद्दलही सांगायला हवं, कारण उशिरा येणाऱ्या पक्षाघाताचा धोका कमी करायला देतात ते हे औषध या आजाराच्या उपचाराचा कणा आहे. ३० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर चार तासांनी, एकवीस दिवस. म्हणजे दिवसाला १२ गोळ्या, पहाटेचाही डोस चुकवायचा नाही. ताईचं बीपी त्याने उतरायला लागलं, तेव्हा एकेक गोळी दर दोन तासांनी केली.

२० नोव्हेंबर, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. वेटिंग हॉल निम्मा रिकामा. भाचा पहाटे फलटणला जाऊन मत देऊन दुपारी परत आला. ताई ठीक होती, पण कमी बोलली. सोडियम १३३, म्हणजे थोडं कमी. सीआरपी आदल्या दिवसापेक्षा बराच वर. दाजी म्हणाले, "बघ, सांगत होतो." डॉक्टरांनी लघवीचं आणि रक्ताचं कल्चर (जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) पाठवलं.

२१ तारखेला सकाळी सिस्टरांनी ताईला विचारलं, कुठे आहात? ती म्हणाली, "माहेरी." डावा पाय सांगूनही नीट उचलला नाही. सोडियम १२९. डोक्याला लावून रक्तप्रवाहाचा वेग मोजतात त्या डॉपलरमध्ये वेग २०० सेंटिमीटर प्रतिसेकंदच्या जवळ. १२०च्या वर गेला की वाहिनी आकसल्याची शंका घेतात, एवढं मला तोवर पाठ झालं होतं. अर्ध्या तासात सीटी, त्यात वाहिन्या आकसलेल्या दिसल्या. औषधाने बीपी मुद्दाम वाढवलं, तीव्र सलाईनने सोडियम सावकाश वर आणलं आणि संध्याकाळी पुन्हा कॅथलॅब. या वेळी नळीतून थेट मेंदूच्या वाहिनीत मिलरिनोन सोडलं, वाहिनी सैल करणारं औषध. संमतीपत्रावर सही करताना दाजींच्या हातून पेन दोनदा पडलं. बाहेर बसून मी काही वाचू शकले नाही, कुणाशी बोलूही शकले नाही. भाचा तेवढा चहा आणत राहिला.

दुसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला: लघवीत जंतुसंसर्ग. म्हणजे सीआरपी वाढला होता तो त्यामुळे, की मेंदूतल्या सुजेमुळे, की दोन्ही? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नक्की सांगता येणार नाही. हीच तर या सगळ्या मार्करची, रक्तातल्या खुणेच्या घटकांची, अडचण आहे." सुजेचे घटक आयसीयूतल्या कुठल्याही संसर्गाने वाढतात. एस१००बी नावाचा एक मेंदूचा समजला जाणारा घटक चरबीच्या पेशींतूनही येतो. एनएसई तांबड्या पेशींतही असतं, नळीत रक्त फुटलं तरी आकडा फुगतो. न्यूरोफिलामेंट तंतूंना झालेली इजा चांगली दाखवतं, पण ते दिवसादिवसांनी चढत जातं. पुढे माणूस कितपत सावरेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल, उद्या सकाळी काय होईल याचा नाही. म्हणून आता एकेक घटक न धरता, चार-पाच एकत्र, वेगवेगळ्या दिवशी मोजून काही सापडतं का हे पाहतात. आमच्याकडचा अभ्यास तसाच होता. आमच्या बाबतीत तरी धोक्याची घंटा कुठल्या नळीतून आली नाही, "माहेरी" या एका उत्तरातून आली. माझं मत विचाराल तर मार्कर उद्या कितीही सुधारले तरी त्या तासातासाच्या प्रश्नांची जागा घेणार नाहीत. फार तर सिस्टरांना आज रात्री कुठल्या खाटेशी जास्त वेळा जायचं, ते सांगतील. तेवढं झालं तरी पुष्कळ आहे, कारण रात्रपाळीला एका सिस्टरकडे दोन-तीन पेशंट असतात.

२३ तारखेला वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर निकाल चालू होते आणि सगळे उभे राहून बघत होते. आतून निरोप आला की पेशंट नातेवाईकांना विचारतेय. मी गेले. ताईने मला ओळखलं, पाय उचलून दाखवला आणि विचारलं, "कोण आलं निवडून?"

त्यानंतरचे दिवस रेंगाळत गेले. सोडियम हळूहळू स्थिर झालं. हिमोग्लोबिन मात्र रोजच्या नळ्या आणि आजार मिळून ११.८ वरून ९.६ वर आलं. तेव्हा अभ्यासाचं रक्त थांबवावं का, असं मी विचारलं. त्या दिवशीचा नमुना त्यांनी स्वतःहून सोडून दिला, फॉर्मवर तशी नोंद केली. असं विचारायला संकोचू नका. २८ तारखेला चौदा दिवसांची खिडकी संपली आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा 'घरी' हा शब्द वापरला.

२ डिसेंबरला सुट्टी मिळाली. बिलाचा हिशोब, विम्याची अंतिम मंजुरी आणि डिस्चार्ज कार्ड या तिन्हींना मिळून सकाळचे दहा ते रात्रीचे आठ लागले. पेशंटला जेवू घालून, कपडे घालून तयार ठेवू नका, बिचारी ताई दिवसभर खुर्चीत अवघडली. निमोडिपिन ५ तारखेपर्यंत घ्यायचं होतं. ते आमच्याकडच्या मेडिकलमध्ये नव्हतंच, पुण्यातूनच पुरेसं घेऊन निघालो. डिस्चार्ज कार्डावर कॉइलचं स्टिकर आहे का ते तिथेच तपासा. पुढे कधीही एमआरआय करायची वेळ आली तर ते मागतात.

घरी आल्यावर थकवा, विसरणं, मोठ्या आवाजाचा त्रास. कुकरची शिट्टी झाली की ताई स्वयंपाकघराबाहेर यायची. दाजींनी वरण-भात करायला शिकून घेतलं, आणि त्यांचं वरण पातळ होतं म्हणून तिने पहिली तक्रार केली, तेव्हा आम्हाला बरं वाटलं.

फेब्रुवारीच्या मध्यात तीन महिन्यांच्या तपासणीला गेलो. कोऑर्डिनेटरने शून्य ते सहाच्या मापावर ताईची नोंद केली. स्वयंपाक जमतो का, पैशाचे व्यवहार जमतात का, एकटी बाजारात जाते का. ताईचा गुण आला एक, म्हणजे थोडी लक्षणं आहेत पण रोजचं सगळं करते. मग तिची स्वतःची संमती. तोवर तिला हे प्रकरण सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझं रक्त, आणि मला न विचारता?"

"तू विचारण्यासारखी होतीस का?" दाजी म्हणाले.

"आता आहे ना!" चष्मा लावून तिने सगळी पानं वाचली, मध्येच दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. घेतलेलं रक्त ठेवायला हरकत नाही म्हणाली. जनुकीय तपासणीच्या चौकटीत दाजींनी 'हो' केलं होतं, तिथे तिने 'नाही' केलं. कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या मुलाचंही त्यात येतं, त्याला विचारा आधी." कोऑर्डिनेटरने शांतपणे नवीन फॉर्मवर तारीख घातली.

निघताना मी माझ्याबद्दल विचारलं. सख्ख्या बहिणीला झालं म्हणजे मलाही फुगा असेल का? डॉक्टर म्हणाले, घरात सख्ख्या नात्यातल्या दोघांना किंवा जास्त जणांना झालं असेल तर तपासणीचा सल्ला सहसा देतात. एकालाच झालं असेल तर बीपी सांभाळा, तंबाखू-मिश्री असेल तर सोडा आणि शंका असेल तर बसून बोलू. ताईची मिश्री त्या नोव्हेंबरातच सुटली. माझं बीपी तिथेच मोजलं, १४२-९०. आता दर रविवारी ताईचं आणि माझं एकत्र मोजतो, आणि वहीतला तिसरा रकाना ताई स्वतः भरते.